स्कूबी-डू आणि त्याला वळण लावणारे प्रेक्षक

‘स्कूबी-डू, व्हेअर आर यू!’ या कार्टून मालिकेचा पहिला भाग १३ सप्टेंबर १९६९ रोजी, शनिवारी सकाळी, अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर झळकला. फ्रेड, डॅफ्नी, वेल्मा आणि शॅगी ही चार किशोरवयीन मुले आणि स्कूबी-डू हा त्यांचा ग्रेट डेन जातीचा भित्रा, खादाड कुत्रा ‘मिस्टरी मशीन’ नावाच्या रंगीबेरंगी व्हॅनमधून गावोगाव फिरतात. कुठे ओसाड वाडा, कुठे बंद पडलेली खाण, कुठे करमणुकीचे सुने मैदान, आणि तिथे हटकून एक भूत. शेवटी भुताचा मुखवटा ओढला की आतून जमिनीच्या, वारशाच्या किंवा लुटीच्या लोभाने लोकांना पळवून लावणारा साधा माणूस निघतो. एवढ्याच भांडवलावर ही मालिका, तिची डझनभराहून अधिक रूपे आणि चित्रपट पंचावन्न वर्षांहून जास्त काळ टिकून आहेत. तिचा इतिहास बहुधा तिच्या निर्मात्यांच्या अंगाने सांगितला जातो. प्रत्यक्षात तिच्या जवळजवळ प्रत्येक वळणावर प्रेक्षकांच्या बाजूने धक्का बसलेला दिसतो: आधी काळजीत पडलेले पालक, मग वाहिनी बदलून नापसंती दाखवणारी मुले, आणि पुढे तीच मुले मोठी झाल्यावर आपल्या बालपणावर हक्क सांगणारे प्रौढ. या तिघांना या कुत्र्याकडून वेगवेगळे हवे होते. त्यातही ज्यांच्यासाठी मालिका होती त्या मुलांचे म्हणणे निर्मात्यांपर्यंत नेहमी सर्वांत आडवळणाने पोहोचले.

१९६०च्या दशकात अमेरिकेतल्या घरांत शनिवारची सकाळ मुलांच्या मालकीची झाली होती. शाळेला सुट्टी, आईवडील अजून अंथरुणात, आणि टीव्ही मुलांच्या ताब्यात. सीबीएस, एनबीसी आणि एबीसी या तिन्ही मोठ्या वाहिन्यांनी ही वेळ हेरली, कारण खेळणी, मिठाई आणि न्याहारीची गोड सीरियल विकणाऱ्या कंपन्यांना याहून सोयीचा प्रेक्षक मिळणे शक्य नव्हते. कार्टून स्वस्तात काढण्याचे तंत्रही तोवर रुळले होते. ‘टॉम अँड जेरी’ घडवून एमजीएम कंपनीला सात ऑस्कर मिळवून देणारे विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा १९५७मध्ये कंपनीने कार्टूनचा विभागच बंद केल्यावर स्वतःच्या पायावर उभे राहिले, ते टीव्हीच्या तुटपुंज्या पैशांत बसणारी रीत शोधून. अंग स्थिर ठेवायचे, फक्त ओठ, डोळे आणि पाय हलवायचे, मागची झाडे आणि दारे पुन्हा पुन्हा सरकवायची. चक जोन्ससारख्या जुन्या पिढीच्या चित्रकाराने अशा कार्टूनना सचित्र रेडिओ म्हणून हिणवले. ते खरेच होते. पण मुलांनी ही काटकसर कधी मनावर घेतली नाही. पात्र ओळखीचे असावे, आवाज लक्षात राहणारा असावा, एवढे त्यांना पुरत होते.

१९६६मध्ये सीबीएसच्या दिवसाच्या कार्यक्रमांची सूत्रे हाती असलेल्या फ्रेड सिल्व्हरमन या तरुण अधिकाऱ्याने शनिवारची सकाळ साहसवीरांनी भरून टाकली. ‘स्पेस घोस्ट’, सुपरमॅनची नवी मालिका, पाठोपाठ ‘द हर्क्युलॉइड्स’. मारामारी, स्फोट आणि किरणांच्या बंदुका मुलांना फार आवडल्या, आणि इतर वाहिन्यांनीही तोच कित्ता गिरवला. दोन वर्षांत हवा बदलली. एप्रिल १९६८मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली. हिंसाचाराची कारणे शोधण्यासाठी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी आयोग नेमला, आणि घराघरातल्या पडद्यावर मुले काय पाहतात हा प्रश्न राष्ट्रीय काळजीचा झाला. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या न्यूटन गावी पेगी चॅरन आणि तिच्यासारख्या काही आयांनी ‘अ‍ॅक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन’ ही संघटना सुरू केली.

या संघटनेला पुढे मुलांची मजा हिरावणारी म्हणून बरेच दूषण मिळाले. ते अन्यायाचे आहे. चॅरन यांचा सेन्सॉरशिपला उघड विरोध होता. त्यांची मुख्य लढाई कार्यक्रम आणि जाहिरात यांतला फरकही न कळणाऱ्या वयाच्या मुलांवर जाहिरातींचा मारा करण्याविरुद्ध होती, आणि मुलांसाठी कमी नव्हे, जास्त आणि चांगले कार्यक्रम हवेत असा त्यांचा आग्रह होता. पण अनेक पालक संघटनांचा एकत्रित दाब वाहिन्यांना जाणवला तो मारामारीच्या मुद्द्यावर, कारण त्यावर तोडगा काढणे सोपे आणि स्वस्त होते. जाहिरातींना हात न लावता साहसवीर तेवढे हटवले गेले. स्कूबी-डूचा जन्म या रिकाम्या झालेल्या जागेत झाला.

ती जागा भरायला सिल्व्हरमनने आधी ‘द आर्ची शो’ आणला. कॉमिकमधल्या शाळकरी मुलांचा गाण्याबजावण्याचा ताफा, सोबत कुत्रा, मारामारी शून्य. १९६८च्या सप्टेंबरात सुरू झालेली ही मालिका चालली, आणि तिच्यातले ‘शुगर, शुगर’ हे गाणे पुढच्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक गाजलेले गाणे ठरले. अशीच किशोरांची टोळी, पण रहस्यकथेत, अशी सिल्व्हरमनची पुढची मागणी होती. लहानपणी ऐकलेली ‘आय लव्ह अ मिस्टरी’ ही रेडिओ मालिका त्याच्या मनात होती. हॅना-बार्बेरा स्टुडिओतले लेखक जो रूबी आणि केन स्पीअर्स यांनी पहिल्यांदा रचलेल्या आराखड्यात एक संगीत ताफा होता, आणि त्यातला कुत्रा बोंगो वाजवत असे. मुलांचे स्वभाव त्यांनी ‘द मेनी लव्ह्ज ऑफ डोबी गिलिस’ या काही वर्षांपूर्वीच्या विनोदी मालिकेतून उचलले. शॅगीचा ढगळ शर्ट, हनुवटीवरचे चार केस आणि कामाचा कंटाळा हे सरळ त्यातल्या मेनार्ड क्रेब्झचे. कुत्रा कोणत्या जातीचा असावा यावर बराच खल झाला. आर्चीकडे केसाळ शीपडॉग होताच, म्हणून ग्रेट डेन ठरला.

त्याचे चित्र काढणारे इवाओ ताकामोटो जपानी वंशाचे अमेरिकन होते. दुसऱ्या महायुद्धात सरकारने त्यांच्या कुटुंबाला मँझनारच्या छावणीत डांबले होते, आणि रेखाटनाचे धडे त्यांनी तिथे शेजारच्या कैद्यांकडून घेतले. स्कूबीसाठी त्यांनी ग्रेट डेन पाळणाऱ्या एका सहकारी बाईंकडून या जातीच्या उत्तम कुत्र्याची लक्षणे समजून घेतली आणि मग प्रत्येक लक्षण उलटे केले. सरळ पाठीऐवजी पोक, ताठ पायांऐवजी फेंगडे पाय, भक्कम जबड्याऐवजी आत गेलेली हनुवटी. धिप्पाड शरीरातला हा भेदरट जीव मुलांना पाहताक्षणी कळतो, त्याचे श्रेय या उलट्या अभ्यासाला आहे.

वाहिनीच्या वरिष्ठांना मात्र पहिला आराखडा पसंत पडला नाही. ओसाड वाडे, अंधार, सांगाडे, हे सगळे मुलांना फार भीतीदायक होईल आणि पालक पुन्हा तक्रार करतील, अशी त्यांची धास्ती होती. मारामारीच्या आरोपातून सुटण्यासाठी आणलेली मालिका भीतीच्या आरोपात अडकत होती. यावरचा उपाय कुत्र्यानेच दिला. फ्रँक सिनात्राच्या ‘स्ट्रेंजर्स इन द नाइट’ या गाण्याच्या शेवटचे निरर्थक बोल विमानप्रवासात कानावर पडले आणि त्यावरून कुत्र्याचे नवे नाव सुचले, असे सिल्व्हरमन सांगत असे. नाव बदलले तसा कुत्राही कडेचा उरला नाही, तो नायक झाला. भूत दिसले की शॅगीच्या अंगावर उडी मारणारा, एका बिस्किटासाठी धाडसाला तयार होणारा हा कुत्रा प्रत्येक भीतीच्या क्षणाला हसण्यात वळवू लागला. आधी ध्वनिमुद्रित केलेला हशाही भागांना जोडला गेला. मुखवट्यामागे माणूसच निघणार हा नियम याच तडजोडीचा भाग होता: मुलांना भुताची मजा मिळावी, आणि रात्री झोपताना भूत नाही याची खात्रीही. डॉन मेसिक यांचा घशातून येणारा तोतरा आवाज स्कूबीला आणि रेडिओवर प्रसिद्ध असलेल्या केसी केसम यांचा फाटका आवाज शॅगीला मिळाला.

मुलांनी मालिका उचलून धरली. पहिल्या वर्षी १७ आणि दुसऱ्या वर्षी ८ असे २५ भाग झाले, आणि तेच भाग पुन्हा पुन्हा दाखवले तरी पाहिले जात होते. त्या काळी मुलाला आपली आवड कळवण्याचा मार्ग एकच होता, टीव्हीचे बटण. निवडक घरांतून गोळा होणाऱ्या प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांत ती आवड उतरे आणि जाहिरातदारांच्या टेबलावर पोहोचे. या आकड्यांचा धंद्यावर काय परिणाम झाला ते नकलांवरून दिसते. ‘जोसी अँड द पुसीकॅट्स’, ‘स्पीड बगी’, ‘गूबर अँड द घोस्ट चेसर्स’, ‘जॅबरजॉ’ अशा मालिका हॅना-बार्बेराने स्वतःच एकामागून एक काढल्या. किशोरांची टोळी आणि सोबत एक विनोदी प्राणी किंवा गाडी, असा ठरलेला साचा. १९७२मध्ये ‘द न्यू स्कूबी-डू मूव्हीज’ आली, तिचे भाग तासाभराचे होते आणि त्यांत बॅटमन, थ्री स्टूजेस, हार्लेम ग्लोबट्रॉटर्स असे पाहुणे येऊन जात. १९७५मध्ये सिल्व्हरमन एबीसी वाहिनीत गेला, आणि पुढच्या वर्षी कुत्राही त्याच्यामागे तिकडे गेला.

मोठ्यांचा आक्षेप या काळात एकच होता, की सगळे भाग सारखेच. हा आक्षेप मुलांच्या पाहण्याची रीत न ओळखता घेतलेला आहे. त्याचा पुरावा पुढे दुसऱ्याच एका कार्टून कुत्रीने दिला. १९९६मध्ये निकलोडियन वाहिनीने ‘ब्लूज क्लूज’ ही निळ्या कुत्रीची मालिका सुरू केली, तेव्हा एकच भाग आठवड्यातले पाचही दिवस दाखवायचा असे ठरवले, कारण पुन्हा पाहताना लहान मुलांचे लक्ष आणि समज वाढते असे अभ्यासातून पुढे आले होते. आता काय होणार हे ठाऊक असणे हा लहान मुलाचा मोठा आनंद आहे. मुखवटा निघण्याच्या आधी आतला माणूस ओळखून ओरडणे, हा स्कूबी-डू पाहण्यातला खरा खेळ होता, आणि तो प्रत्येक भाग सारखा असल्यामुळेच खेळता येत होता.

तरीही सत्तरच्या दशकाच्या शेवटी प्रेक्षक घटले आणि एबीसी मालिका बंद करण्याच्या विचारात आली. तेव्हा १९७९मध्ये स्कूबीचा छोटा भाचा स्क्रॅपी-डू आला. मामा जितका भित्रा तितका हा आगाऊ. कोणत्याही राक्षसावर मूठ उगारून धावणारा. त्याची पहिली कथा लिहिणारे मार्क इव्हॅनियर यांनी नंतर सांगितले आहे, की वाहिनीच्या नीतिनियम पाहणाऱ्या विभागाला स्क्रॅपी फारच स्वतंत्र बाण्याचा वाटला आणि मुलांपुढे असा आदर्श नको म्हणून त्याला नरम करण्याची सूचना आली. दहा वर्षांपूर्वीच्या पालकांच्या चळवळीची ही दूरची सावली होती. पालक आता प्रत्यक्ष तक्रार करत नव्हते, पण त्यांच्या संभाव्य तक्रारीचा अंदाज घेणारे पगारी अधिकारी वाहिनीत बसले होते, आणि हा अंदाज मूळ पालकांच्या मागण्यांहून कितीतरी अधिक भित्रा होता.

स्क्रॅपीने मालिका वाचवली. आकडे वर गेले, १९८०पासून फ्रेड, डॅफ्नी आणि वेल्मा यांना बाजूला सारून शॅगी, स्कूबी आणि स्क्रॅपी या त्रिकुटाचे छोटे भाग निघाले, आणि त्यांत मुखवटेही गेले. भुते सरळ खरीच आली. त्या वर्षांतल्या सहा-सात वर्षांच्या मुलांना स्क्रॅपी आवडत होता यात शंका घेण्याचे कारण नाही, नाहीतर तो जवळजवळ दहा वर्षे टिकला नसता. स्वतः लहान असून मोठ्यांना न घाबरणारे पात्र लहान मुलाला का आवडणार नाही? आणि तरीही या मालिकेच्या इतिहासात स्क्रॅपीइतका राग दुसऱ्या कुणावर निघालेला नाही. हा राग नंतरचा आहे, आणि तो १९६९च्या भागांवर वाढलेल्या, आता मोठ्या झालेल्या प्रेक्षकांचा आहे. त्यांच्या आठवणीतली चार मुलांची टोळी मोडणारा म्हणून त्यांनी त्याला गुन्हेगार ठरवले. चाहत्यांच्या बोलीत तर मालिकेत घुसवलेल्या कोणत्याही नकोशा पात्राला स्क्रॅपीच म्हणू लागले. २००२च्या चित्रपटात हाच स्क्रॅपी शेवटी खलनायक म्हणून उघडा पडतो. एका पिढीच्या लाडक्या पिल्लाला दुसऱ्या पिढीच्या समाधानासाठी शिक्षा झाली, आणि पहिल्या पिढीला कुणी विचारले नाही.

प्रेक्षकांची आठवण किती चिवट असते याचा दुसरा दाखला १९८५च्या ‘द थर्टीन घोस्ट्स ऑफ स्कूबी-डू’ या मालिकेत आहे. पेटीतून सुटलेली तेरा पिशाच्चे पुन्हा कोंडायची, अशी तिची कथा होती, आणि मदतीला येणाऱ्या मांत्रिकाला भयपटांचा नामवंत नट व्हिन्सेंट प्राइस याने आवाज दिला होता. तेरा भागांनंतर मालिका बंद झाली आणि तेरावे पिशाच्च सुटेच राहिले. ज्या मुलांनी हे पाहिले ती ते विसरली नाहीत. ३४ वर्षांनी, २०१९मध्ये, ती अपुरी गोष्ट पुरी करण्यासाठी ‘स्कूबी-डू! अँड द कर्स ऑफ द थर्टीन्थ घोस्ट’ हा स्वतंत्र चित्रपट काढावा लागला.

१९८८मध्ये सगळ्या पात्रांना लहान करून ‘अ पप नेम्ड स्कूबी-डू’ आली आणि १९९१मध्ये संपली. त्याच वर्षी टेड टर्नर यांच्या कंपनीने हॅना-बार्बेरा विकत घेतली, १९९२मध्ये कार्टून नेटवर्क सुरू झाले, आणि शनिवारच्या सकाळपुरते असलेले कार्टून दिवसभर मिळू लागले. पेगी चॅरन यांची संघटनाही १९९२मध्येच, मुलांच्या कार्यक्रमांविषयीचा कायदा १९९०मध्ये संमत झाल्यावर, काम पुरे झाले असे मानून विसर्जित झाली. भारतात कार्टून नेटवर्क १९९५मध्ये आले, आधी इंग्रजीत आणि काही वर्षांनी हिंदीतही. मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावांपर्यंत केबलची तार पोहोचली तिथे मराठी मुलांनी स्कूबी पाहिला तो असा, एकोणसत्तरचे, एकोणऐंशीचे आणि अठ्ठ्याऐंशीचे भाग एकामागून एक, कोणता आधीचा आणि कोणता नंतरचा याचा पत्ता नसताना. ज्याने टोळी आधी आणि स्क्रॅपी नंतर असा क्रम अनुभवलाच नाही, त्याला स्क्रॅपीचा अमेरिकी राग सहज समजत नाही. तो राग पात्रापेक्षा क्रमाशी जास्त बांधलेला होता, हे यावरून दिसते.

मोठे झालेले प्रेक्षक जुन्या भागांत नवे अर्थही शोधू लागले. शॅगीची न भागणारी भूक, त्याचा विसकटलेला अवतार आणि ती फुलांची व्हॅन पाहून तो गांजेकस असणार, असे महाविद्यालयीन मंडळी म्हणू लागली. निर्मात्यांनी हे वेळोवेळी नाकारले, आणि शॅगीचे मूळ १९५९च्या एका मालिकेत आहे हे पाहता त्यांचेच म्हणणे पटते. दुसरी दंतकथा अशी, की पाच पात्रे म्हणजे मॅसॅच्युसेट्समधल्या शेजारशेजारच्या पाच महाविद्यालयांची प्रतीके आहेत. त्या पाचांपैकी हॅम्पशायर कॉलेजात पहिले विद्यार्थी आले १९७०मध्ये, म्हणजे मालिका सुरू झाल्यानंतर वर्षभराने. एवढ्यावर ही गोष्ट निकालात निघते, तरी ती अजून सांगितली जाते.

यांहून गंभीर दाद कार्ल सेगन या खगोलशास्त्रज्ञाने दिली. अतींद्रिय चमत्कारांचे गोडवे गाणाऱ्या कार्यक्रमांनी टीव्ही भरलेला असताना, प्रत्येक चमत्काराचा तपास करून त्यामागचे साधे कारण दाखवणारी ही मुलांची मालिका त्यांना मोलाची वाटली, आणि मोठ्यांसाठी असे काही निघाले तर ती मोठी लोकसेवा होईल असे त्यांनी म्हटले. वाहिनीच्या अधिकाऱ्यांनी तक्रारीच्या भीतीने घातलेला नियम पंचवीस वर्षांनी एका वैज्ञानिकाला विवेकाचा धडा वाटावा, ही या मालिकेच्या वाट्याला आलेली सर्वांत चांगली दाद आहे. निर्मात्यांनी हा धडा ठरवून दिला नव्हता. पण मुखवटा ओढणारे हात मुलांचे होते आणि भुताला घाबरून गाव सोडणारे मोठे होते, हे लाखो मुलांनी पाहिले, याचे मोल कमी होत नाही.

नेमका हाच नियम १९९८मध्ये पुन्हा मोडला गेला. ‘स्कूबी-डू ऑन झॉम्बी आयलंड’ हा थेट व्हिडिओवर आलेला चित्रपट होता. टोळी मोठी झाली आहे, पांगली आहे, मुखवट्यांच्या त्याच त्या खेळाला कंटाळली आहे, आणि लुईझियानातल्या एका बेटावर मुखवटा समजून ओढायला जाते तर हातात खऱ्या मुडद्याचे मुंडके येते. हा चित्रपट काढणाऱ्यांनी प्रेक्षक नेमका ओळखला होता: जो लहानपणी हे पाहत होता आणि आता स्वतःच्या मुलांना व्हिडिओ आणून देणार होता. जपानी स्टुडिओने काढलेली गडद, भरीव चित्रे आणि खरी भीती या दोन्हींचे स्वागत झाले, आणि तेव्हापासून जवळजवळ दरवर्षी एक-दोन नवे व्हिडिओ चित्रपट निघू लागले. जुने आवाज मात्र आता नव्हते. स्कूबीचा आवाज असलेले मेसिक १९९७मध्ये वारले होते. शॅगीचा आवाज सोडलेल्या केसम यांची गोष्ट तर स्वतंत्रच आहे. ते कडक शाकाहारी होते. बर्गरच्या एका जाहिरातीत शॅगीचा आवाज द्यायला सांगितल्यावर त्यांनी १९९५मध्ये काम सोडले, आणि शॅगी शाकाहारी होईल या अटीवर २००२मध्ये परतले.

२००२चा खऱ्या नटांचा चित्रपट समीक्षकांनी झोडपला आणि प्रेक्षकांनी जगभरात सुमारे २७ कोटी ५० लाख डॉलरचा गल्ला जमवून दिला. लेखक जेम्स गन यांनी पुढे सांगितले, की त्यांची मूळ संहिता मोठ्यांसाठी जास्त होती आणि वेल्माला स्त्रियांविषयी आकर्षण आहे हे त्यात उघड होते. स्टुडिओने ते कापत कापत पुसून टाकले. वेल्माविषयी हा समज अनेक प्रेक्षकांनी, विशेषतः स्वतःला तिच्यात पाहणाऱ्या मुलींनी, वर्षानुवर्षे जपला होता. २०१० ते २०१३मधल्या ‘मिस्टरी इनकॉर्पोरेटेड’ या मालिकेचे निर्माते टोनी सर्व्होन यांनी त्यांच्या मालिकेतली वेल्मा तशीच होती असे २०२०मध्ये जाहीर केले, आणि २०२२च्या ‘ट्रिक ऑर ट्रीट स्कूबी-डू!’ या चित्रपटात ते पहिल्यांदा पडद्यावर स्पष्ट दाखवले गेले. ज्यांनी वाट पाहिली होती त्यांना आनंद झाला. मुलांच्या कार्टूनमध्ये हे नको म्हणणारेही कमी नव्हते. १९६८च्या आयांप्रमाणे हेही मुलांच्या नावाने बोलत होते, पण त्या आयांसारखी मुलांच्या पडद्यासाठी आणखी काही चांगले मागण्याची बाजू यात नव्हती.

२०२२च्याच ऑगस्टमध्ये जवळपास पूर्ण झालेला ‘स्कूब! हॉलिडे हॉन्ट’ हा चित्रपट वॉर्नर कंपनीने खर्चकपातीसाठी रद्द केला. चित्रकारांची इतकी मेहनत कुणीच पाहणार नाही याचे वाईट वाटणाऱ्यांत मुले फारशी नव्हती, कारण त्यांना तो चित्रपट होता हेच ठाऊक नव्हते. संताप मोठ्या चाहत्यांचा आणि या व्यवसायातल्या माणसांचा होता, आणि तो रास्त होता.

जानेवारी २०२३मध्ये आलेल्या ‘वेल्मा’ या प्रौढांच्या मालिकेने मात्र सगळ्यांना एकाच बाजूला आणले. भारतीय वंशाच्या मिंडी केलिंग यांनी आवाज दिलेली वेल्मा इथे दक्षिण आशियाई होती, आणि यावरून काही जणांनी मालिका येण्याआधीच वंशद्वेषाची गरळ ओकली. त्यांचे म्हणणे ऐकण्याच्या लायकीचे नव्हते. पण मालिका आल्यावर ज्यांनी खुल्या मनाने ती पाहिली तेही नाराज झाले, कारण ती आपल्याच पात्रांना तुच्छ लेखत होती, आणि तिच्यात कुत्राच नव्हता. प्रौढांच्या मालिकेत स्कूबीला वापरू द्यायला स्टुडिओने नकार दिला होता. मालिका दाखवणाऱ्या एचबीओ मॅक्सने हा आपल्या स्वतःच्या कार्टून मालिकांपैकी सर्वाधिक पाहिला गेलेला शुभारंभ असल्याचे जाहीर केले, आणि प्रेक्षकांनी दिलेले गुण त्याच वेळी तळाला होते. कुतूहलाने पाहणे आणि आवडणे यांतले अंतर जुन्या आकड्यांत कधी इतके उघडे पडले नव्हते. दुसरा हंगाम आणि एक हॅलोवीन विशेष भाग झाल्यावर २०२४च्या ऑक्टोबरात मालिका बंद झाली. मार्च २०२५मध्ये नेटफ्लिक्सने खऱ्या नटांची आठ भागांची नवी मालिका जाहीर केली. तिच्या कथेत उन्हाळी शिबिरातल्या शॅगी आणि डॅफ्नीला एक हरवलेले ग्रेट डेनचे पिल्लू सापडते, आणि त्या पिल्लाने एक खून पाहिलेला असावा असा संशय आहे. जाहीर केलेल्या कथेत हा खून अलौकिक म्हटला आहे, पण मुखवट्यामागे शेवटी माणूस निघेल की नाही, ते सांगितलेले नाही.